यादी कोणी तपासली?

बारावीचा निकाल ऑनलाइन लागायचा होता. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीपासूनच नांदेडच्या माझ्या कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. आठ मशिनं, एक इन्व्हर्टर आणि बीएसएनएलची एक लाइन, एवढाच कारभार. मुखेडकडून पहिल्या एसटीनं आलेले एक शेतकरी गृहस्थ मुलाच्या हॉलतिकिटाची झेरॉक्स हातात धरून सहा नंबरच्या मशिनपाशी उभे होते. निकाल लागला. बाकीच्या सात मशिनांवर पान उघडत होतं, प्रिंटरमधून गुणपत्रकं निघत होती, पोरं एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत होती. सहा नंबरवर पान काही उघडेना. मी दोनदा मशिन बंद-चालू केलं, केबल काढून परत लावली. ते गृहस्थ एका शब्दानं बोलले नाहीत. हातातली झेरॉक्स मात्र घामानं ओली झाली होती.

मग स्क्रीनच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, पीअरब्लॉक नावाच्या प्रोग्रॅमचं चिन्ह दिसलं. त्याची खिडकी उघडली. आत ओळींवर ओळी सरकत होत्या: वेळ, यादीतलं नाव, कुठून, कुठे, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द, 'ब्लॉक्ड'. निकालाच्या सर्व्हरचा पत्ता त्यात पुन्हा पुन्हा येत होता. आदल्या आठवड्यात रात्रीच्या डाउनलोडसाठी मीच त्या मशिनवर हे बसवलं होतं आणि अडवायच्या पत्त्यांच्या दिसेल त्या यादीवर टिचकी मारली होती. त्यात सरकारी संस्थांच्या पत्त्यांचीही एक यादी होती. प्रोग्रॅम बंद केला आणि पान लगेच उघडलं. पोरगा पास होता. "मशिन बिघडलं होतं का, साहेब?" गृहस्थांनी विचारलं. मी हो म्हणालो. खरं तर मशिनला काहीच झालं नव्हतं. एका यादीवर मी डोळे झाकून विश्वास टाकला होता. ती कोणी केली हे मला माहीत नव्हतं आणि ती तपासावी असं मनातही आलं नव्हतं.

या पुस्तकाचे दोन्ही लेखक त्या काळात माझ्या कॅफेत येत. एक विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत होते, दुसरे लातूरहून सुट्टीत मामाकडे यायचे. आज दोघंही शिकवतात, एक नांदेडला आणि एक लातूरला. फाइल शेअरिंग, त्यावर पाळत ठेवणाऱ्या कंपन्या आणि त्या कंपन्यांना आपल्या मशिनपासून लांब ठेवण्याची लोकांची धडपड या विषयावर त्यांनी हे पुस्तक लिहिलं आणि प्रस्तावनेसाठी माझ्याकडे आले. मी विद्वान नाही. पण बारा-पंधरा वर्षं मी हा प्रकार रोज रात्री डोळ्यांनी पाहिला आहे, आणि तो पाहिलेल्या माणसानं सांगावं असं त्यांना वाटलं. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी ती रात्र समजून घ्यायला हवी. बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५ मध्ये सुरू झालं आणि हळूहळू आमच्याकडे पोचलं. घरगुती प्लॅनमध्ये महिन्याला मोजका डेटा मिळायचा, पण काही प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ कितीही वापरा, मोजमाप नाही. त्यामुळे नांदेड-लातूरच्या कितीतरी घरांत आणि वसतिगृहांत पावणेदोनचा गजर लागायचा. पोरं उठायची, डाउनलोड लावायची आणि पुन्हा झोपायची. त्यात लोडशेडिंग. एकाच रात्रीत दोनदा लाइट जाणार हे धरूनच चालायचं. साध्या डाउनलोडला लाइट गेली की ६०० एमबी उतरलेली फाइल मातीत जायची. टोरंटचं तसं नव्हतं. फाइलचे बारीक तुकडे केलेले, प्रत्येक तुकड्याची खूणगाठ वेगळी. लाइट आली की जेवढे तुकडे शाबूत तेवढे मोजून काम तिथूनच पुढे. अमेरिकेतल्या ब्रॅम कोहेननं २००१ मध्ये बिटटोरंट काढलं तेव्हा मराठवाड्याचं भारनियमन त्याच्या ध्यानीमनी नसणार, पण आमच्याकडे ते इतकं रुजलं त्याचं पहिलं कारण हेच होतं. फुकटेपणाचा शिक्का नंतर बसला.

टोरंट चालतं कसं, हे नांदेडच्या माणसाला समजावायला मला फार शब्द लागत नाहीत. गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलेला माणूस जेवून उठला की त्याला वाटलं तर तोच पुढच्या पंगतीत वाढायला उभा राहतो. घेणारा आणि देणारा अशा दोन जाती तिथे नाहीत. टोरंटमध्येही ज्याच्याकडे तुकडा आला तो लगेच दुसऱ्याला द्यायला लागतो. यात दोन गोष्टी आपोआप येतात. पंगतीत शेजारी कोण बसलंय हे सगळ्यांना दिसतं: तुमच्या मशिनचा आयपी पत्ता त्या फाइलच्या पंगतीतल्या प्रत्येकाला उघड असतो. आणि पंगतीत कोणीही येऊन बसू शकतं. ज्याला फक्त कोण-कोण बसलंय हे लिहून घ्यायचंय, तोसुद्धा.

असे लिहून घेणारे लवकरच आले. सिनेमा आणि संगीत कंपन्यांनी त्यासाठी पैसे देऊन कंपन्या नेमल्या. मीडियासेंट्री, मीडियाडिफेंडर, बेटीएसपी ही अमेरिकेतली त्या काळची नावं. कोणी नुसती नोंद ठेवायचं, कोणी खोट्या फायली सोडून पंगत नासवायचं. त्यांना उत्तर म्हणून २००३ मध्ये टिम लिओनार्ड यांनी पीअरगार्डियन काढलं. कल्पना अगदी सरळ होती. पाळत ठेवणाऱ्या कंपन्यांचे पत्ते जमवायचे, त्यांची यादी करायची आणि त्या पत्त्यांवरून आलेली प्रत्येक हाक मशिननं कानाआड करायची. पुढे त्याच पायावर २००९ मध्ये पीअरब्लॉक आलं. याद्या मुख्यतः स्वयंसेवक जमवत. इंटरनेटच्या आयपीव्हीफोर पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्यातले कोट्यवधी पत्ते या याद्यांत बसलेले असत. एखाद्या कंपनीनं कधीतरी एक ओळ वापरली म्हणून तिच्या आसपासची अख्खी वस्तीच यादीत. विद्यापीठं, सरकारी खाती, सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपन्या, सगळं त्यात. माझ्या सहा नंबरच्या मशिनचं असंच झालं होतं.

या याद्यांचा उपयोग होत होता का? याचा अभ्यास झालेला आहे आणि लेखकांनी तो चौथ्या प्रकरणात चांगला मांडला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या बॅनर्जी, फालुत्सोस आणि भुयान या तिघांनी ९० दिवसांची नोंद तपासली. यादी न लावणाऱ्याची गाठ यादीतल्या पत्त्याशी पडणार हे जवळजवळ शंभर टक्के. जोडल्या गेलेल्या पत्त्यांपैकी १२ ते १७ टक्के यादीतले निघाले. पण यादीतले सर्वाधिक भेटणारे पत्त्यांचे नुसते पाच पट्टे टाळले तर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास खाली येत होतं. म्हणजे कोट्यवधी पत्त्यांच्या त्या भल्यामोठ्या यादीतला कामाचा भाग चिमूटभर होता. आणि हाही निष्कर्ष 'यादीतले' पत्ते मोजून काढलेला आहे. यादीतला प्रत्येक पत्ता खरंच पाळतीचा होता का, हा प्रश्न वेगळा.

तो प्रश्न बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या टॉम चोथिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये घेतला. लोकप्रिय फाइलच्या पंगतीत कोणी बसलं की साधारण तीन तासांच्या आत पाळत ठेवणारा येऊन भिडतो, असं त्यांना दिसलं. याद्यांबद्दलही त्यांनी सांगितलं: त्यांत निरुपद्रवी माणसं अडकतात आणि पाळत ठेवणारे बरेचसे निसटतात. निसटणारच की. ज्याला पैसे घेऊन हेच काम करायचंय तो आपल्या दारावरची पाटी उतरवून सर्वसामान्य ग्राहकासारखी दुसरी लाइन घेतो. स्वयंसेवकाला ते कळेपर्यंत महिने जातात. पीअरब्लॉकची शेवटची आवृत्ती २०१४ च्या जानेवारीतली. त्याच्या आदल्या वर्षीपासून फुकट वापरणाऱ्याला यादी आठवड्यातून एकदाच मिळू लागली होती. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षं मी पोरांच्या लॅपटॉपवर ते चिन्ह पाहत होतो. 'ब्लॉक्ड, ब्लॉक्ड' अशा ओळी सरकताना पाहिल्या की माणसाला वाटतं, आपल्या दारात रखवालदार उभा आहे. तो भास इतका पक्का असतो की पुढचा विचारच थांबतो.

माझ्या कॅफेत येणारा अहमदपूरकडचा एक विद्यार्थी एमएस करायला जर्मनीला गेला. एका रविवारी त्याचा फोन आला. आवाज बसलेला. "सर, वकिलाचं पत्र आलंय." पत्रात सिनेमाचं नाव, आयपी पत्ता, तारीख, वेळ सेकंदापर्यंत, पुन्हा असं करणार नाही म्हणून सही करायचा कागद आणि हजार युरोंच्या घरातली मागणी. त्या पैशात त्याचं दोन महिन्यांचं घरभाडं आणि किराणा भागत होता. त्यानं मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: "सर, पीअरब्लॉक चालू होतं हो. मी बघून लावलं होतं." नांदेडमध्ये माझ्याच मशिनवर तो ते शिकला होता. जर्मनीत अशी पत्रं ही रोजची गोष्ट आहे आणि आपल्या मुलांना ती नेहमी येतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यानं तिथल्या वकिलाच्या मदतीनं रक्कम कमी करून हप्त्यानं फेडली. घरी मात्र कधी सांगितलं नाही.

त्यानं फाइल उतरवली होती, ती चूक होती, आणि ती त्यानं मान्य केली. पण त्या दिवसापासून मला जे खात राहिलं ते वेगळं होतं. समोरच्या कंपनीकडेही एक यादी होती: पत्ता, वेळ, फाइल. ती यादी तरी कोणी तपासत होतं का?

याचं एक उत्तर वॉशिंग्टन विद्यापीठात मिळालं आहे. २००८ मध्ये तिथल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पाळत ठेवणाऱ्यांना दिसेल असा खोटा पत्ता पंगतीत सोडला. त्यांच्या मशिनांनी एकही सिनेमा उतरवला नव्हता, तरी चोरीच्या शेकडो नोटिसा आल्या. त्यांतल्या काही चक्क प्रयोगशाळेतल्या प्रिंटरच्या नावानं होत्या. प्रिंटर सिनेमा पाहत नाही. नोटीस काढणाऱ्यानं एकदा त्या पत्त्यावर जाऊन विचारपूस केली असती तरी हे कळलं असतं, पण यादीत पत्ता आला की नोटीस जाते, एवढाच तो कारभार होता. अमेरिकेतल्या प्रेंडा लॉ या वकिली फर्मची गोष्ट तर आणखी पुढची. त्यांनी स्वतःच सिनेमे टोरंटवर टाकले, उतरवणाऱ्यांचे पत्ते गोळा केले आणि त्यांना धमकावून पैसे उकळले. त्यातल्या एका वकिलाला २०१९ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली. आमिष दाखवणारा, पाळत ठेवणारा आणि फिर्याद करणारा एकच निघाला की यादीला काय अर्थ राहतो?

पाळतीच्या या धंद्यात भारताचंही नाव आहे. बेंगळुरूची एआयप्लेक्स ही कंपनी सिनेमावाल्यांसाठी चोरट्या प्रती शोधायचं काम करते. नोटीस न मानणाऱ्या साइटवर आपण माहितीचा मारा करून ती बंद पाडतो, असं २०१० मध्ये कंपनीच्या प्रमुखानं एका परदेशी वर्तमानपत्राला सांगितल्याची बातमी आली. त्याला उत्तर म्हणून सप्टेंबरात 'ॲनॉनिमस' म्हणवणाऱ्या मंडळींनी त्या कंपनीच्याच साइटवर मारा केला. दोन्ही बाजूंनी दगडफेक. दोन्हीकडून नियम धाब्यावर.

आपल्याकडे घरगुती वापरणाऱ्याला पत्र पाठवून पैसे मागायची पद्धत जर्मनीसारखी रुजली नाही. आपल्याकडची लढाई न्यायालयातून साइट बंद करवण्याची. आणि तिथेही पुन्हा यादीच. २०११ च्या जुलैत 'सिंघम'साठी दिल्ली उच्च न्यायालयाचा अज्ञात व्यक्तींविरुद्धचा आदेश निघाला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या काही कंपन्यांनी फायली ठेवायच्या अख्ख्या साइटच बंद केल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पायरेट बे या टोरंट साइटबरोबर विमिओसुद्धा बंद झाली, जिथे लोक स्वतः काढलेले व्हिडिओ ठेवतात. जूनमध्ये न्यायालयाला स्पष्ट करावं लागलं की बंदी नेमक्या पत्त्यांपुरती आहे, अख्ख्या साइटवर नाही. चोराच्या शोधात अख्ख्या गल्लीला कुलूप लावायची ही रीत पीअरब्लॉकच्या याद्यांपेक्षा वेगळी नव्हती.

२०१६ हे वर्ष मात्र मी कधी विसरणार नाही. एप्रिलच्या शेवटी 'सैराट' आला आणि काही दिवसांतच त्याची चोरटी प्रत मेमरी कार्डांवरून गावोगाव फिरू लागली. ज्या सिनेमानं ग्रामीण महाराष्ट्राला टॉकिजपर्यंत ओढून आणलं, तोच सिनेमा लातूरच्या गंजगोलाईतल्या मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत कार्डात भरून मिळत होता. जुलैत 'ग्रेट ग्रँड मस्ती' प्रदर्शनाआधीच फुटला. निर्मात्यांना तारीख २२ वरून १५ जुलैवर आणावी लागली. त्यातले नट रितेश देशमुख हे बाभळगावचे, म्हणजे लातूरच्या लोकांच्या दृष्टीनं घरचं माणूस. तरी त्यांचाच सिनेमा लातूरच्या वसतिगृहांत पेन ड्राइव्हवरून पोचला. सिनेमा कसा होता, हा मुद्दा नाही. कष्ट करणाऱ्याला स्वतःच्या मालाची किंमत ठरवू न देणं ही गोष्ट मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागू नये. सोयाबीनच्या भावात आडत्यानं मारलं की आपण पेटून उठतो.

हे मी स्वतःला बाजूला ठेवून लिहीत नाही. माझ्या कॅफेतूनही कार्डं भरून गेली. मी ते थांबवलं, पण उशिरा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंद केलेली साइट उघडली की स्क्रीनवर एक इशारा येऊ लागला: हे पान पाहणं, उतरवणं, त्याची प्रत काढणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. नांदेडमध्ये एका आईनं मुलाचा लॅपटॉप कपाटात कुलूपबंद केला, म्हणून तो माझ्याकडे रडत आला होता. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी महिनाअखेरीस तो मजकूर बदलायला लावला. नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्यानं देणं हा गुन्हा आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा 'ढिशूम' सिनेमाच्या वेळचा, जुलैमधला पवित्रा. बंद करायच्या पत्त्यांची यादी तीन पायऱ्यांवर तपासली पाहिजे: शोधणाऱ्यानं एकदा, निर्मात्यानं आणि वकिलानं एकदा, आणि मग शपथपत्रावर. बंद केलेल्या पानावर आदेशाचा तपशील हवा, म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याला न्यायालयात येता येईल. निर्मात्याचा हक्क त्यांनी कुठेही कमी लेखला नाही. फक्त विचारलं, यादी कोणी तपासली?

२०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं नाव बदलून पुन्हा उगवणाऱ्या साइट जुन्याच आदेशात जोडत जायची सोय केली. चोरांच्या वेगाला उत्तर म्हणून ते समजतं. पण यादी जितक्या वेगानं वाढते तितक्या वेगानं ती तपासली जाते का, ही माझी धास्ती अजून गेलेली नाही, आणि लेखकांनी पुस्तकात ती माझ्याइतकी जोरानं मांडलेली नाही, हेही इथे नोंदवतो.

मराठवाड्यात याद्यांचा अर्थ कोणाला शिकवावा लागत नाही. अनुदानाची यादी, पीकविम्याची यादी, घरकुलाची यादी. २०१७ च्या कर्जमाफीत लोक ऑनलाइन अर्ज भरायला रात्र-रात्र रांगेत बसले. माझ्याच कॅफेच्या दारात ती रांग होती. मग याद्या आल्या आणि त्यांतले घोळ निस्तरता निस्तरता महिने गेले. ज्याचं नाव चुकलं त्यानं तहसीलला चकरा मारल्या. यादी करणाऱ्याला त्या चकरा माराव्या लागत नाहीत. इंटरनेटवरच्या याद्यांचंही असंच आहे, फक्त तिथे तहसील कुठे आहे हेच सापडत नाही.

आता काळ बदलला आहे, आणि पुस्तकाचा उत्तरार्ध त्यावर आहे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. रात्री पावणेदोनचा गजर बंद झाला. मोबाइल कंपन्यांकडे पत्ते कमी आणि ग्राहक कोट्यवधी, म्हणून एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो लोक बसवले जातात. अशा वेळी नुसत्या पत्त्यावरून माणूस ओळखता येत नाही. नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांक नोंदलेला असेल तरच कंपनी शोध लावू शकते. त्यामुळे पत्ते अडवायची यादी आज आणखीच निरुपयोगी: एक पत्ता अडवला की त्यामागचे शेकडो निरपराध अडले, आणि पाळत ठेवणारा दुसऱ्या पत्त्यावरून येऊन बसला. पत्ता झाकणाऱ्या व्हीपीएनवर भिस्त ठेवणाऱ्यांनी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचा २०२२ चा आदेश वाचावा. व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला त्यात सांगितलं आहे. कायदाही कडक झाला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आहेच. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनं सिनेमाच्या चोरट्या चित्रीकरणाला आणि प्रदर्शनाला किमान तीन महिने कैद आणि तीन लाख दंड ठरवला. दंड निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. राज्यात महाराष्ट्र सायबरनं २०१७ पासून यासाठी वेगळं पथक चालवलं आहे.

लातूरच्या ट्यूशन एरियात आज सिनेमापेक्षा जास्त फिरतात त्या नोट्स आणि टेस्ट सिरीज. टेलिग्रामच्या ग्रुपवर नीटच्या पीडीएफ हजारोंनी पडतात. ज्या सरांनी रात्री जागून प्रश्न काढले त्यांचं नाव पहिल्या पानावरून खोडलेलं असतं. दुसरीकडे निलंग्याच्या एखाद्या मुलीला क्लासची फी परवडत नाही आणि तीच पीडीएफ तिचा एकमेव आधार असते. या दोघांपैकी एकाला खोटं ठरवून मला झोप लागणार नाही. लेखकांनी या पेचावर सोपं उत्तर दिलं नाही, आणि मला ते त्यांच्या प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतं. त्यांनी केलंय ते कामाचं आहे: काय मोकळं आहे ते सांगितलंय. बालभारतीची पाठ्यपुस्तकं तिच्या साइटवर फुकट मिळतात. लिनक्सच्या आवृत्त्या टोरंटवरून उघडपणे, कर्त्यांच्याच इच्छेनं वाटल्या जातात. आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन सर्वांचं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून त्यांची पुस्तकं कोणीही छापावीत, वाटावीत, त्यासाठी कोणाला विचारायची गरज नाही. वाटण्याची हौस असेल तर वाटायला भरपूर आहे, आणि तिथे कोणी पाळत ठेवली तरी बिघडत नाही.

पाळतीविरुद्ध बोलणारा माणूस चोराच्या बाजूचा, आणि चोरीविरुद्ध बोलणारा कंपन्यांचा दलाल, अशी वाटणी आपल्याकडे झटकन होते. या पुस्तकानं ती मानलेली नाही. अहमदपूरच्या त्या पोरानं चूक केली होती, तरी त्याच्यावरचा आरोप कोणीतरी तपासायला हवा होता. 'सैराट'च्या निर्मात्यांचं नुकसान खरं होतं, म्हणून विमिओवर स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओ ठेवणाऱ्याचं दार बंद करायचा हक्क कोणाला मिळत नाही.

पुस्तकाच्या शेवटी लेखकांनी एक परिशिष्ट जोडलंय: बंद साइट, चालू साइट, मोकळी पुस्तकं, तक्रार कुठे करायची ती ठिकाणं. तीही एक यादीच. मी ती दोनदा तपासली. तीन पत्ते बदललेले निघाले, ते दुरुस्त करून घेतले. छापून तुमच्या हातात येईपर्यंत आणखी काही बदललेले असतील. वाचकांना विनंती, चुकीचं काही दिसलं तर आतल्या पानावरच्या पत्त्यावर एक ओळ लिहून कळवा. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होईल, आणि ती कोणी सुचवली हे त्याच पानावर छापायचं लेखकांनी कबूल केलं आहे.